रंगपंचमीचा गुलाल आणि सकाळचे ऊन : प्रकल्प नोंदी

२ फेब्रुवारी २०२५, वसंत पंचमी

येत्या रंगपंचमीच्या सकाळी मोकळ्या रानात, कोरड्या रंगांसह लेझीम खेळणाऱ्या मुलींची छायाचित्रमालिका करायची, असे आज पक्के झाले. संघ पुरंदर तालुक्यातला आहे. मुली महाविद्यालयात शिकतात आणि लेझीम त्यांच्या अंगात लहानपणापासून मुरलेली आहे, त्यामुळे कॅमेऱ्यापुढे उभे राहून काय करायचे हे त्यांना कोणी सांगावे लागणार नाही.

रंगाचे ढग उडवलेली छायाचित्रे हल्ली सर्रास पाहायला मिळतात. त्यांतला माणूस बहुधा एका जागी उभा असतो, बाजूने कोणीतरी त्याच्यावर पिशवीभर रंग रिकामा करते आणि तो क्षण टिपला जातो. असे चित्र चटकन नजरेत भरते, पण त्यात सण दिसत नाही. आपल्याकडे होळीनंतरच्या पाचव्या दिवशी, फाल्गुन वद्य पंचमीला, रंग खेळण्याची जी रीत आहे तिच्यातला आपलेपणा चित्रात उतरला तरच या खटाटोपाला अर्थ आहे, असे मला वाटते.

पोशाखाचा प्रश्न पंढरपूरने सोडवला. वसंत पंचमीपासून रंगपंचमीपर्यंत विठ्ठलाला पांढरा पोशाख करतात आणि त्यावर रंग उधळतात. मुलींनीही पांढऱ्या सुती नऊवारी साड्या नेसाव्यात आणि पांढरेच फेटे बांधावेत, असे सुचवले आणि ते सर्वांना पटले. पांढऱ्या सुती कापडाचा आणखी एक फायदा असा की ते शेजारच्या चेहऱ्यावर मऊ उजेड परत टाकते.

९ फेब्रुवारी

आजचा दिवस पुडीचा. बाजारात सुटे मिळणारे काही रंग आणून पाहिले. चिमूटभर रंग पेलाभर पाण्यात टाकला की पुष्कळ काही कळते. पिठापासून केलेला रंग पाणी गढूळ करतो आणि सावकाश बसतो. रांगोळी किंवा दगडाची भुकटी मिसळलेली असेल तर ती थेट तळ गाठते आणि चिमटीत घेतल्यावर खरखर लागते. अशी भुकटी डोळ्यांना घातक असते, लेन्सवर चरे पाडते, शिवाय छायाचित्रासाठीही ती निरुपयोगी आहे, कारण ती हवेत तरंगत नाही, वाळूसारखी खाली येते.

बाजारातल्या गर्द गुलाबी रंगाबद्दल अधिक सावध राहायला हवे. कापड आणि कागद रंगवण्यासाठी वापरला जाणारा ऱ्होडामाइन बी हा रंग स्वस्त असतो आणि उन्हात स्वतःही चमकतो, म्हणून तो अशा पुड्यांत शिरतो. खाद्यपदार्थांत त्याला मनाई आहे. २०२४ मध्ये तामिळनाडूने बुढ्ढी के बाल याच रंगापायी बंद केले होते. जी वस्तू मुलांच्या खाऊत चालत नाही ती या मुलींच्या नाकातोंडात जाऊ देणे मला मान्य नाही. म्हणून सगळा रंग घरीच करायचा.

आधार म्हणून कॉर्नफ्लोअर निवडले. त्याचा कण साधारण ५ ते २५ मायक्रॉनचा असतो, म्हणजे हवेत काही क्षण रेंगाळण्याइतका बारीक. घरच्या तांदळाच्या पिठाचीही चाचणी घेतली, पण ते जाड पडते आणि त्याचा ढग न होता पट्टा होतो. परवानगी असलेला खाद्यरंग थोड्या पाण्यात विरघळवून तो कॉर्नफ्लोअरला चोळायचा, ओलसर गोळे हाताने मोडत राहायचे, जुन्या धोतरावर पातळ पसरून सावलीत सुकवायचे, मिक्सरमधून काढायचे आणि शेवटी वस्त्रगाळ करायचे, अशी रीत बसली. वस्त्रगाळ करण्याला पर्याय नाही. चाळणीने चाळलेली पूड हातात मऊ लागते, पण उधळली की तिच्यातल्या बारीक गुठळ्या छायाचित्रात ठिपक्यांसारख्या उमटतात. मलमलीतून गाळलेली पूड धुरासारखी पसरते.

१६ फेब्रुवारी

सासवडच्या पुढे माळावर पळस फुलू लागला आहे. झाडाखाली पडलेली फुलेच तेवढी वेचली, फांदीला हात लावला नाही. फुले उकळली की पाणी केशरी होते आणि चिमूटभर खायचा सोडा टाकल्यावर तो रंग डोळ्यांदेखत गडद होतो. या पाण्यात मळलेले कॉर्नफ्लोअर सुकल्यावर मात्र फिके, जवळजवळ जर्दाळूच्या रंगाचे निघाले. कॅमेऱ्याला ते आवडते, कारण त्यात छटा टिकून राहतात. दुरून पाहणाऱ्याला कदाचित ते मंद वाटेल. मालिकेतला केशरी हाच ठेवावा, असे माझे मत झाले आहे. खाद्यरंगाचा केशरी सगळीकडे सारखाच दिसतो. हा मात्र याच माळावरचा आहे.

पिवळ्यासाठी हळद आहेच. पण नुसती हळद जड असते आणि डागही सोडते, म्हणून कॉर्नफ्लोअरमध्ये अगदी थोडी मिसळली. जेजुरी इथून जवळ. गडावर भंडारा उधळला जातो तेव्हा हवा जशी दाट पिवळी होते तशी ही होणार नाही, आणि तशी करायचीही नाही. भंडाऱ्याचे चित्र वेगळे, त्यामागचा भाव वेगळा.

हिरवा आणि निळा हे दोन्ही रंग वगळले. गुलाबीवर हिरवा पडला की दोन्ही मिळून मातकट होतात आणि पांढऱ्या साडीवर तो मातकट डाग पुढच्या प्रत्येक चित्रात दिसत राहतो. पिवळा, केशरी, गुलाबी हे तिघे एकमेकांत मिसळले तरी उबदारच राहतात.

२३ फेब्रुवारी

जागा ठरली. ज्वारी निघालेले रान आहे, धाटे उचलून झाली आहेत आणि पूर्वेला एक बुटकी टेकडी आहे. शेतमालक आबांनी आनंदाने परवानगी दिली. जमिनीत प्लॅस्टिकची एकही पिशवी राहू नये, एवढीच त्यांची अट आहे आणि ती रास्त आहे.

टेकडी पूर्वेला असल्याने या रानाला खरे महत्त्व आले. हवेतल्या बारीक कणांवर उजेड मागून पडला तर तो बहुतांशी पुढच्या दिशेला, म्हणजे कॅमेऱ्याकडे, विखुरतो. म्हणून मागच्या उन्हात गुलाल आतून पेटल्यासारखा दिसतो आणि समोरच्या उन्हात तोच गुलाल भिंतीसारखा सपाट दिसतो. मात्र हा उजळलेला ढग उठून दिसायला त्याच्या मागे काळोख हवा, आणि सूर्याच्या दिशेला काळोख सहसा मिळत नाही. सकाळी टेकडीची आपल्याकडची बाजू सावलीत असते. सूर्य तिच्या माथ्यावर आला की मुलींच्या खांद्यांवर ऊन आणि मागे काळीशार उतरण, असे दोन्ही एकाच चौकटीत मिळते.

मार्चच्या मध्यास इकडे पावणेसातच्या सुमारास सूर्य उगवतो, आणि विषुवदिन जवळ असल्याने जवळजवळ थेट पूर्वेलाच उगवतो. या अक्षांशावर तो तासाला साधारण १४ अंश वर चढतो. टेकडीचा माथा ९ ते १० अंशांवर दिसतो, म्हणजे साडेसातच्या आसपास पहिले ऊन रानात उतरेल, आणि साडेआठनंतर ते इतके वरून येईल की डोळ्यांच्या खोबणीत सावल्या पडतील. कामाचा अवधी एवढाच.

संध्याकाळचा विचार केला होता, पण तेव्हा पश्चिमेचा वारा सुटतो आणि भरवशाचा नसतो. सकाळच्या वाऱ्याबद्दल आबांना विचारले तेव्हा ते म्हणाले, “आठ-साडेआठपर्यंत पान हलत नाही बघा. पुढचं मात्र देवाच्या हातात.”

२ मार्च

रानात कॅमेऱ्याच्या चाचण्या झाल्या. पूड उधळणाऱ्याच्या हातातून सुटते त्या क्षणी ती अजून मुठीच्याच आकाराची असते. साधारण अर्ध्या सेकंदाने तिची कड विरळ होऊन पिसासारखी फुटते आणि चित्र तिथेच असते. सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाचे शटर ठेवले तर कण न् कण थांबतो, पण लेझीमही थिजल्यासारखी वाटते. पाचशेव्या भागावर चेहरा स्थिर राहतो, मनगट किंचित पुसट होते आणि पुडीला तिची गती परत मिळते. माझा कल त्याच बाजूला आहे.

फ्लॅश वापरायचा नाही, असे ठरवले. समोरून मारलेला फ्लॅश ढगाची खोली काढून घेतो. त्याऐवजी एक पांढरे धोतर दोन बांबूंना ताणून बांधले आणि कॅमेऱ्याच्या बाजूला उभे केले. मागून येणारे ऊन त्यावर आदळून चेहऱ्यावर हलकेच परत येते.

गुलाबी रंगाचे मोजमाप हा स्वतंत्र विषय आहे. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर निम्मे बिंदू हिरव्याचे आणि पाव पाव तांबड्या व निळ्याचे असतात. गुलाबी पुडीत हिरवा उजेड सर्वांत कमी, म्हणजे सेन्सरचा अर्धा भाग जवळजवळ उपाशी राहतो आणि तांबडे बिंदू मात्र काठोकाठ भरतात. एकत्रित हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाच्या पातळ्यांचा आलेख, सगळे आलबेल असल्याचे दाखवतो, पण तांबड्या चॅनलचा वेगळा हिस्टोग्राम उघडला की तो उजव्या भिंतीला टेकलेला दिसतो आणि तिथे गुलालाचा पोत कायमचा गेलेला असतो. म्हणून गुलाबीसाठी उघडीप, म्हणजे सेन्सरवर पडू द्यायचा उजेड, एका स्टॉपने म्हणजे निम्म्याने कमी, सर्व चित्रे रॉमध्ये, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या फाइलमध्ये, आणि व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरे पांढरेच दिसावे यासाठीचा रंगांचा तोल, हाताने ५२०० केल्व्हिनवर बांधलेला. तो कॅमेऱ्यावर सोपवला तर हवेत रंग वाढताच कॅमेरा त्याला दोष समजून सावरू पाहतो आणि मुलींचे चेहरे हिरवट पडतात.

९ मार्च

आज सुरक्षिततेची बैठक झाली. लेझीम संघाच्या ताई आणि मुलींचे पालक, दोघांनाही बोलावले होते.

कॉर्नफ्लोअर खाण्याची वस्तू आहे, म्हणून ते निरुपद्रवी, असा समज सर्वत्र आहे. २७ जून २०१५ रोजी तैवानमध्ये तैपेईजवळच्या एका जलउद्यानात रंगांच्या कार्यक्रमात हवेत उडवलेल्या अशाच रंगीत कॉर्नफ्लोअरने पेट घेतला. सुमारे ५०० जण होरपळले आणि त्यांतले १५ जण दगावले. कोणतीही जळणारी वस्तू पुरेशी बारीक होऊन हवेत पुरेशी दाट पसरली की प्रत्येक कणाला चहूबाजूंनी प्राणवायू मिळतो, आणि मग एक ठिणगी पुरते. हे मी सर्वांना सविस्तर सांगितले, कारण नियमामागचा हेतू कळला की तो पाळला जातो.

त्यावरून ठरले ते असे. मोकळ्या रानाबाहेर कुठेही पूड उधळायची नाही. एका वेळी एका हातात एकच मूठ, म्हणजे तीस-चाळीस ग्रॅम. पंखा किंवा ब्लोअरने रंग उडवायचा नाही. दिवे नाहीत, जनरेटर नाही, विडी-सिगारेट नाही. आबांची इच्छा रानात नारळ वाढवून कापूर लावण्याची आहे. तो कार्यक्रम सर्वांत आधी, बांधावर, आणि निखारा पूर्ण विझल्यावरच रंगाचे डबे गाडीतून बाहेर काढायचे. ज्यांना दम्याचा त्रास आहे त्यांनी रंगाच्या चित्रांत उतरायचे नाही. अशी एक मुलगी संघात आहे, तिला हलगीच्या ठेक्याची जबाबदारी दिली आणि ती वाऱ्याच्या वरच्या अंगाला, दूर उभी राहील. डोळ्यांत लेन्स लावणाऱ्यांनी त्या दिवशी चष्मा लावावा. केसांना खोबरेल तेल चालेल, चेहऱ्याला मात्र अगदी हलका हात, कारण तेलकट गालावर पूड गोळा होऊन बसते.

१४ मार्च, धुळवड

काल होळी झाली, आज गावात धुळवड. कॅमेरा मुद्दाम बाहेर काढला नाही. पारावर बसून केवळ हातांकडे पाहत राहिलो.

संबंध सकाळभरात आकाशाकडे रंग फेकणारा एकही माणूस दिसला नाही. रंग नेहमी कोणाच्या तरी दिशेने जातो. धाकटी जाऊ थोरलीच्या मागून येऊन तिच्या डोक्यावर मूठ रिकामी करते आणि थोरली मान आखडून डोळे मिटते. म्हाताऱ्याच्या कपाळाला बोटाने नुसती एक रेघ ओढतात आणि मग पायाला हात लावतात. बरोबरीची मुले तळवा गालावर दाबून हनुवटीपर्यंत ओढतात. हात कसा उठतो, किती उठतो, हे समोर कोण आहे यावर ठरते. नाते कळण्यासाठी चेहराही पाहावा लागत नाही.

त्या सर्रास दिसणाऱ्या छायाचित्रांत काय उणे असते, ते माझ्या लेखी आज नेमके स्पष्ट झाले. त्यांत रंग उडतो, पण कोणी कोणाला रंग लावत नाही. रंगपंचमीत रंगाला घेणारा लागतो.

१६ मार्च

मांडणी पूर्ण बदलली. आधीच्या आराखड्यात मुली ओळीने उभ्या राहून एका ठोक्याला रंग वर उधळणार होत्या. ते चित्र रद्द केले. आता लेझीम सुरू असतानाच एकीने रांग मोडून दुसरीकडे जायचे आणि तिला रंग लावायचा. कोणी कोणाकडे जायचे हे त्यांनीच ठरवायचे, मला सांगायचे नाही. ताईंना आधी धास्ती वाटली की ठेका चुकेल. “ठेका चुकला तर चुकू द्या, हसू खरं येईल,” असे मुलींपैकीच एक म्हणाली आणि विषय संपला.

कोरडा सराव रंग न उधळता घेतला. त्यात एक सुंदर गोष्ट हाती लागली. लेझिमीच्या साखळीतल्या लोखंडी चकत्यांवर थोडी पूड चोळून ठेवली, तर दांडा झटकून साखळी ताणली जाते त्या क्षणी चकत्यांमधून बोटभर लांबीचा धूर निघतो आणि पुढच्या ठोक्यापर्यंत विरतो. डोळ्यांना तो जेमतेम दिसतो, पण मागून ऊन असेल तर छायाचित्रात ठेकाच दिसू लागतो. चाचणीसाठी वापरलेली पूड हळदीची होती. प्रत्यक्षातही तीच ठेवायची.

क्रमही ठरला. पांढरी साडी एकदाच पांढरी असते, म्हणून पहिली चित्रे रंगाविना, मग चकत्यांवरची हळद, मग पळसाचा केशरी, आणि गुलाबी अगदी शेवटी.

१९ मार्च, रंगपंचमी

हवा स्थिर होती. कापूर वेळेत विझला. साडेसातला थोडी मिनिटे बाकी असताना टेकडीच्या माथ्यावर ऊन आले आणि फेट्यांच्या कडा उजळल्या.

सर्वांत चांगली चित्रे केशरीच्या वेळी मिळाली. एक मुलगी रांगेतून निघाली, डावीकडच्या चौथीपर्यंत गेली आणि तिच्या कपाळावर मूठ न उधळता अंगठ्याने टिळ्यासारखा रंग ओढला. नंतर कळले की ती चौथी म्हणजे तिची मोठी चुलत बहीण, आणि लवकरच त्या बहिणीचे लग्न आहे. मूठ तशीच राहिली होती, ती तिने वळता वळता शेजारच्या मैत्रिणीच्या मानेत रिकामी केली. त्या क्षणी पुडीचा पातळ पडदा दोघींच्या मधे उभा राहिला, मागचे ऊन त्यातून गाळून आले आणि मैत्रिणीच्या पांढऱ्या पदरावर केशरी उजेड पडला. उजेडच रंगीत झाला होता. पदर अजून कोराच होता.

गुलाबीच्या वेळी सगळ्यांचाच संयम सुटला आणि ते योग्यच होते. ढग दाट झाले, कित्येक चित्रांत चेहरे हरवले. पण ज्या चित्रांत फक्त हात आणि हसणारे दात दिसतात, त्यांचा जोर वेगळा आहे. आठ वाजून वीस मिनिटांनी पहिली झुळूक आली आणि रंग कॅमेऱ्याकडे वळू लागला तेव्हा थांबलो. उरलेला रंग मुलींना खेळायला दिला. डबे, कापडे, पिशव्या मोजून गाडीत भरल्या.

२० मार्च

आजचा दिवस साफसफाईचा. ७०-२०० मिमीची लेन्स निवडली होती, कारण झूम करताना तिची नळी बाहेर येत नाही आणि हवा आत ओढली जात नाही. पुढे साधा फिल्टर, कॅमेऱ्यावर प्लॅस्टिकचे आवरण, सांध्यांवर कापडी टेप, आणि रानात लेन्स बदलायची नाही हा नियम. तरीही फ्लॅशच्या खाचेत आणि डायलच्या दात्यांत गुलाबी बारीक रेघ बसली होतीच. इथे पाण्याचा थेंबही चालत नाही, कारण ओले कॉर्नफ्लोअर खळीसारखे चिकटते. कॅमेऱ्याचे तोंड खाली धरून आधी ब्लोअर, मग मऊ कोरडा कुंचला, आणि कपडा सर्वांत शेवटी. आवरण काढण्यापूर्वी बाहेरची पूड झटकून घेणे महत्त्वाचे. नाहीतर ती आवरण काढतानाच आत जाते.

१२ एप्रिल, चैत्र पौर्णिमा

कोल्हापूरजवळच्या वाडी रत्नागिरीला जोतिबाच्या यात्रेला आलो आहे. प्रकल्पाशी थेट संबंध नाही, पण गुलालाची छायाचित्रे निवडत असताना हा डोंगर न पाहणे मला बरे वाटेना. उंच, सजवलेल्या सासनकाठ्या नाचत येतात, “चांगभलं”चा गजर होतो आणि गुलाल-खोबऱ्याची उधळण थांबतच नाही. फरसबंदी, पायऱ्या, काळ्या दगडाची शिखरे, माणसांच्या भुवया, सगळे एकाच गुलाबीत. इथे रंग आकाशाकडेच जातो, कारण घेणारा देव आहे. माझ्या धुळवडीच्या निरीक्षणाला हा अपवाद नाही. उलट तेच इथे अधिक मोठे झालेले दिसते.

तांत्रिक बाजूनेही डोळे उघडले. ऊन डोक्यावर होते, तरीही गुलाल उठून दिसत होता, कारण त्याच्यामागे मंदिराचा काळा दगड होता. काळोखाची पार्श्वभूमी मिळाली तर दुपारही वर्ज्य नाही, हे पुढच्या कामासाठी लिहून ठेवतो.

२७ एप्रिल

छपाईच्या चाचण्या आल्या. पडद्यावर दिसणारा गर्द गुलाबी चार शाईंच्या छपाईत बसत नाही, तो विटकरीकडे झुकतो. छायाचित्रांच्या पिगमेंट शाईच्या यंत्रावर, मॅट सुती कागदावर तो पुष्कळसा टिकला. चकचकीत कागदावर रंग अधिक भरला, पण पुडीचा कोरडेपणा गेला आणि ती ओल्या रंगासारखी दिसू लागली. त्यामुळे मॅटच. पळसाचा केशरी कोणत्याही कागदावर तक्रारीविना उतरतो.

निवडीतून फक्त ढग असलेली सर्व चित्रे काढून टाकली. ज्यांत रंग देणारी आणि घेणारी दोघी ओळखू येतात तेवढीच ठेवली. चकत्यांतून निघणाऱ्या हळदीचे एक चित्र तेवढे अपवाद. निवडलेली चित्रे संघातल्या सर्व मुलींना आणि त्यांच्या घरच्यांना दाखवली. एकीने आपला चेहरा असलेले चित्र बाहेर लावू नये असे सांगितले, ते लगेच वगळले. कपाळावर टिळा ओढणारे चित्र सर्वांत मोठ्या आकारात छापायला दिले आहे. त्याची पहिली प्रत चुलत बहिणीच्या लग्नाआधी तिच्या घरी पोहोचवायची आहे, म्हणून छपाईवाल्याला गुरुवारची तारीख दिली आहे.